खाडीकाठचा इतिहास शाळेच्या वर्गात

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, पश्चिमेस उत्तनच्या समुद्रकिनाऱ्यापासून पूर्वेस घोडबंदरच्या डोंगरउतारापर्यंत पसरलेला मीरा-भाईंदरचा परिसर आज महानगरपालिकेचे शहर म्हणून ओळखला जातो. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली येथील लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ इतकी नोंदली गेली. अवघ्या वीस वर्षांत साडेचारपट वाढलेल्या या शहरात शाळेत जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आजी-आजोबा येथे जन्मलेले नाहीत, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही. वर्गात मुलांना ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारले, तर कोणी पाली सांगतो, कोणी सिरोही, कोणी भावनगर, कोणी जौनपूर, कोणी रत्नागिरी. राई, मुर्धा, नवघर, गोडदेव, पेणकरपाडा ही नावे मुलांना रिक्षाच्या थांब्यांची म्हणून ठाऊक असतात. ती गावे आहेत आणि त्यांना स्वतःचा भूतकाळ आहे, याची कल्पना सहसा नसते.

यातूनच एक समज रूढ झाला आहे. तो असा की, भाईंदरला इतिहास नाही. इतिहास आहे तो रायगडाला, पुण्याला, चितोडला किंवा पाटणला. मुलेच नव्हे, तर पुष्कळ पालक आणि काही शिक्षकही असेच मानतात. हा समज किती निराधार आहे, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. भाईंदर स्थानकाच्या उत्तरेस उभे राहून पाणी पाहिले तरी पुरे.

ती खाडी एकेकाळी दोन राज्यांची सीमा होती, आणि तीही एकदाच नव्हे. १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी म्हणजे षट्षष्टि, सहासष्ट गावांचे बेट; मीरा-भाईंदर हा त्याचा उत्तरेकडील भाग. पुढे दोनशे वर्षे खाडीचे दोन्ही काठ पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिले. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला. वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे दोन वर्षे दक्षिण काठ मराठ्यांचा आणि उत्तर काठ पोर्तुगीजांचा, अशी स्थिती होती. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि दोन्ही काठ मराठ्यांचे झाले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी ताब्यात घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम राहिली आणि मध्यंतरी त्यांनी जिंकलेली वसई मराठ्यांना परत मिळाली. ती दोन-तीन वर्षे वगळली तर १७७४ पासून १८१७ पर्यंत भाईंदरच्या बाजूला इंग्रज आणि नायगावच्या बाजूला पेशवे, अशीच ही हद्द होती. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी जो तह केला, तो याच खाडीच्या पलीकडे वसईत. मराठी राज्याच्या अस्ताची सुरुवात म्हणून पाठ्यपुस्तकात येणारी ही घटना भाईंदरहून रेल्वेने काही मिनिटांच्या अंतरावर घडली, हे ऐकल्यावर आठवीच्या मुलाला तो तह पाठ करावा लागणार नाही; तो त्याच्या लक्षात राहील.

त्या मोहिमेच्या खुणा याच शहरात आहेत. उत्तन-चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. खाडीच्या मुखावर तेथून नजर राहत असल्यामुळे वसईच्या वेढ्यात त्या जागेला मोठे महत्त्व होते. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. एकेकाळी येथील शाळांच्या सहली उत्तनच्या रस्त्याने गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जात असत. चौकच्या वळणावरून गाड्या तशाच पुढे निघून जात आणि टेकडीवरचा किल्ला बसमधल्या कोणाच्याही खिजगणतीत नसे. मुलांनी पाळण्यात बसू नये असे येथे मुळीच सुचवायचे नाही. पण परतीच्या वाटेवर अर्धा तास थांबायला हरकत नव्हती.

किल्ल्यांहूनही मोठा पाठ मिठागरांत आहे. समुद्राच्या भरतीचे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते, तिला या भागात खाजण म्हणतात. खाजणाला बांध घालायचा, उधाणाचे पाणी आत घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हाने आटवीत न्यायचे आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक धरू लागले की ते ओढून ढीग लावायचे, अशी ही रीत. पावसाळा सरला की बांधबंदिस्तीचे काम सुरू होते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत हंगाम चालतो. मराठीत मीठ ‘तयार’ होत नाही, ते ‘पिकते’. भाषेनेच त्याला शेती मानले आहे. आगर या शब्दावरून आगरी समाजाचे नाव आले, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि या परिसरातील भाताची शेते व मिठागरे याच समाजाच्या घामावर उभी राहिली. एका मिठागरात विज्ञानातील बाष्पीभवन, भूगोलातील भरती-ओहोटी, गणितातील क्षेत्रफळ आणि इतिहासातील मिठाचा कर असे चार विषय एकत्र सापडतात.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचा धडा प्रत्येक इयत्तेच्या मुलाला कधी ना कधी शिकवला जातो. दांडीचा नकाशा फळ्यावर काढला जातो, साबरमतीपासूनचे अंतर विचारले जाते. महाराष्ट्रात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, हे क्वचित सांगितले जाते. मीठ हाताने उचलण्यात सरकारला आव्हान कसे असू शकते, हा प्रश्न मुलांना पडतोच. मिठागर पाहिलेल्या मुलाला त्याचे उत्तर चटकन समजते, कारण समुद्र आणि ऊन कोणाच्या मालकीचे नसताना त्यांतून निघालेल्या वस्तूवर कर कसा, हे त्याला डोळ्यांपुढे दिसते. भाईंदरच्या शाळांना ही सोय हाकेच्या अंतरावर होती. मिठागरे आता पुष्कळ आक्रसली आहेत. ज्यांनी त्यांत आयुष्य घालवले ती माणसे वृद्ध झाली आहेत. पाठ्यपुस्तक पुढच्या वर्षी पुन्हा छापता येते, मिठागरावरचा माणूस पुन्हा मिळत नाही.

अशा शिक्षणाला अभ्यासक्रमात जागा आहे काय, असा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो योग्यच आहे. महाराष्ट्रात तिसरीच्या वर्गाला आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवण्याची रीत जुनी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे तत्त्व पहिल्या ओळीत मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक संदर्भांवर पुन्हा भर दिला. कागदावर उणीव नाही. वर्गात मात्र चाचणी, घटक आणि तासिका यांच्या धावपळीत या गोष्टी मागे पडतात.

परंतु ही कल्पना कोणत्याही शासकीय आराखड्याहून जुनी आहे आणि तिचा सर्वांत उजळ प्रयोग याच ठाणे जिल्ह्यात झाला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तीतून नई तालीम पुढे आली. हस्तोद्योग आणि परिसर यांच्याशी सर्व विषय जोडून शिकवावेत, या तिच्या पद्धतीला समवाय पद्धती असे नाव मिळाले. त्याआधीच भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका बालशिक्षणाची नवी वाट पाडीत होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत बोर्डी, कोसबाड आणि भाईंदर ही सारी एकाच जिल्ह्यात होती.

ताराबाईंपुढचा प्रश्न साधा आणि अवघड होता. मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिची केंद्रे आज देशभर याच नावाने ओळखली जातात. कोसबाडची वारली मुले दिवसभर गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. हा केवळ काटकसरीचा उपाय होता असे समजणे चूक ठरेल. मुलाच्या हातात जेव्हा त्याच्याच रानातली बी मोजायला येते, तेव्हा आपल्या रानाला, आपल्या घराला शाळेत मान आहे, हे न बोलता त्याच्यापर्यंत पोहोचते. जो समाज शतकानुशतके शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिला, त्याच्या मुलाला ही जाणीव अक्षरओळखीहून कमी महत्त्वाची नव्हती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

कोसबाडची नक्कल भाईंदरमध्ये करता येणार नाही. तेथील वारली मुलाचा परिसर एकच होता, पिढ्यानपिढ्यांचा. भाईंदरच्या वर्गात मात्र पन्नास मुलांच्या घरी पाच-सहा भाषा बोलल्या जातात. म्हणून येथे दोन इतिहास शिकवावे लागतात: एक या भूमीचा आणि दुसरा या भूमीवर येऊन राहिलेल्यांचा. पहिला खाडी, किल्ला, मिठागर आणि गावठाणे सांगतात. दुसरा घराघरांत आहे, आणि तो गोळा करण्याच्या कामी जैन समाजाजवळ एक जुना वारसा आहे, ज्याचे महत्त्व समाजालाही पुरेसे जाणवलेले दिसत नाही.

हा वारसा नोंदींचा आहे. चातुर्मासासाठी आचार्यांनी आपल्या गावी पधारावे म्हणून श्रीसंघ जी विनंती पाठवीत, ती विज्ञप्तिपत्रे कित्येक फूट लांबीच्या गुंडाळ्यांवर चित्रित केलेली असत. आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरी यांना विक्रम संवत १६६७ मध्ये, म्हणजे १६१० साली पाठवलेल्या विज्ञप्तिपत्रात उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने जहांगीर बादशहाचा दरबार रंगविला आहे. पर्युषणात जीवहिंसा थांबविण्याच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. पुढच्या काळातील उदयपूर, बिकानेर येथील विज्ञप्तिपत्रांत नगराचे रस्ते, बाजार, दुकाने, मंदिरे ओळीने काढलेली दिसतात. आचार्यांना गाव दाखवावयाचे तर गावातले सर्वच दाखवले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. इतिहासकारांना आज ही पत्रे नगरजीवनाचा अव्वल पुरावा म्हणून उपयोगी पडतात. हेच काम पाचवीचा वर्ग करू शकतो. स्थानकापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची कागदी गुंडाळी मुलांनी मिळून काढावी: देरासर, चर्च, मशीद, गावदेवीचे मंदिर, स्टीलच्या भांड्यांचे गाळे, भाजीवाल्या, मासळीबाजार, राहिलेले एखादे कौलारू घर. मासळीबाजार आवडीचा नसला तरी तो गुंडाळीतून वगळू नये. तो वगळला तर ते चित्र या गावाचे राहत नाही.

दुसरे साधन प्रतिमालेखांचे. धातूच्या प्रतिमांच्या मागील बाजूस संवत, तिथी, प्रतिमा भरविणाऱ्या कुटुंबाची नावे, ज्ञाती, गाव आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचा गच्छ कोरलेला असतो. बुद्धिसागरसूरी, पूरणचंद नाहर आदींनी असे शेकडो लेख विसाव्या शतकाच्या प्रारंभी छापून ठेवले. शाळेतील मुलाला प्रतिमा हाती देण्याचे कारण नाही. छापील लेख पुरेसा आहे. त्यातील विक्रम संवतातून ५७ वजा करावे, म्हणजे इसवी सन मिळतो. काही महिन्यांसाठी ५६. त्यातही गुजराती घरचे वर्ष कार्तिकात बदलते आणि मारवाडी घरचे चैत्रात. मराठी पंचांगातील शकात मात्र ७८ मिळवावे लागतात. एकाच वर्गातील तीन मुलांच्या घरी तीन वेगळे आकडे असलेली एकच दिवाळी असते, हे उमगल्यावर कालगणना हा रुक्ष पाठ राहत नाही.

या परिसराशी जैन परंपरेचे नाते अलीकडच्या स्थलांतरापुरते नाही. खाडीपलीकडील सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. पट्टावलींच्या परंपरेनुसार दीर्घ दुष्काळानंतर वज्रसेनसूरींनी याच सोपाऱ्यात एका श्रावकाच्या चार पुत्रांना दीक्षा दिली आणि त्यांच्यापासून नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती व विद्याधर ही चार कुले निघाली. तपागच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतो. आयंबिलच्या ओळीत ज्यांची कथा ऐकली जाते, त्या श्रीपाल राजाचे ठाण्याशी नाते कथेने जोडले आहे आणि ठाण्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात ते शिल्पित झाले आहे.

येथे शिक्षकाला एक नाजूक भेद सांभाळावा लागतो. अशोकाचा लेख हा दगडावरचा पुरावा आहे. वज्रसेनसूरींची हकिगत ही परंपरेने जपलेली आठवण आहे. श्रीपालांची कथा ही धर्मकथा आहे. तिन्ही शिकवाव्यात, पण एकाच नावाने शिकवू नयेत. घोडबंदर या नावाचेही तसेच. अरबी घोडे येथे उतरत म्हणून घोडबंदर, ही व्युत्पत्ती सर्वांच्या तोंडी आहे. ती खरी असेलही, पण मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारले तर त्याला गप्प बसवू नये. असे विचारल्याने श्रद्धेला धक्का बसतो, ही भीती अनाठायी आहे. ज्या परंपरेने अनेकांताचा विचार दिला, तिच्या मुलांना ही गोष्ट कठीण जाऊ नये.

त्याहून मोठा धोका दुसरा आहे. स्थानिक इतिहास म्हटला की प्रत्येक समाज स्वतःचा गौरवग्रंथ लिहू लागतो. देणगीदारांची नावे, प्रतिष्ठेचे वर्ष, उद्घाटक मान्यवर, आणि इतिहास संपला. स्मरणिकांमधून अशी पाने आवश्यकच असतात, पण वर्गात त्यांचा उपयोग नाही. भाईंदरच्या मुलाला हेही कळले पाहिजे की, येथे जैन कुटुंबे येण्याच्या कितीतरी आधी आगरी शेतकरी खाजणाचे बांध राखीत होते. उत्तन-डोंगरीचे कोळी आणि ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज काळापासून येथे नांदत आहेत. त्यांच्या मराठी बोलीत पोर्तुगीज शब्द आजही ऐकू येतात आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांच्या समाजाने १८८७ मध्ये स्वीकारले. ज्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, त्या कोणाच्या होत्या, हा प्रश्नही त्यात येतो. तो अवघड आहे. पण मुलांपासून तो लपविला, तर शेजारच्या बाकावरचा मुलगा तो वेगळ्या सुरात विचारेल.

घराघरांतील इतिहास गोळा करण्यास फार साधने लागत नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये सुरतेकडून आलेला लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत सुरू झाला आणि ही खाडी रुळांनी ओलांडली गेली. त्याच मार्गाने पुढच्या शतकात गोडवाडची आणि गुजरातची कुटुंबे येथे उतरली. आजोबा कोणत्या वर्षी आले, कोणाच्या आधाराने आले, पहिली खोली कोठे होती, पाणी कोठून भरले जाई, दुकानातील पहिला माल कोणता, देरासर नसताना दर्शनाला कोठे जात, आजी एकटी गावी किती वर्षे राहिली. असे दहा प्रश्न सातवीच्या मुलाने वहीत लिहून नेले तरी काम भागते. शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. स्थलांतराचा इतिहास पुरुषांच्या तोंडून सांगितला जातो आणि त्यातून मागे राहिलेल्या स्त्रियांची वर्षे गळून पडतात.

उत्तरांबरोबर मुलाने काय आणावे, तेही ठरवून द्यावे: रेल्वेचा जुना पास, शिधापत्रिका, भाड्याची पावती, लग्नाची कंकोत्री, पहिल्या दुकानाचा फोटो. मूळ कागद घरीच राहावेत, वर्गात प्रती याव्यात. गुजरातेत वहीवंचांच्या आणि राजस्थानात भाटांच्या चोपड्यांत घराण्यांच्या पिढ्यांची नावे आहेत. ज्यांच्या कुटुंबाचा त्यांच्याशी संबंध उरला आहे, त्यांनी ती एकदा उतरवून घ्यावीत.

सर्वांत घाई आहे ती दुकानांच्या जुन्या वह्यांची. लाल कापडात बांधलेल्या त्या वह्या अनेक घरांच्या माळ्यावर आहेत. त्यांत देणे-घेणे आहे, गावी पाठविलेल्या रकमा आहेत, पहिल्या पानावर देवाचे नाव आणि दिवाळीची तिथी आहे. पुष्कळ वह्यांची लिपी मुडिया, काना-मात्रा नसलेली. ती सहज वाचणारे वडीलधारे प्रत्येक कुटुंबात एक किंवा दोनच उरले आहेत, आणि ते दुपारी घरी असतात. मुलाची शाळा बहुधा त्याच सुमारास सुटते.